फाटकापर्यंतची आठवण

प्रभावतीबाई हिवराळे यांची एक गोष्ट आमच्या तालुक्यातल्या बहुतेक शाळांना पाठ होती. चौतीस वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली सहा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या वर्गावर होते. बालिका दिन असो, पालक सभा असो, बाईंना बोलायला उभं केलं की त्या तीच गोष्ट सांगायच्या. आम्ही शिक्षिका एरवी भाषण चालू असताना मागे हळू आवाजात बोलत बसायचो, पण या गोष्टीला गप्प व्हायचो.

गोष्ट अशी होती. बाई तेव्हा तेरा वर्षांच्या. टेंभुर्णीपासून दीड कोस आत त्यांचं गाव. वडील कडूबा दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायचे. सातवीच्या वर्गात मुली दोनच, प्रभा आणि शिवकन्या. शिवकन्या कायम पहिली, प्रभा कायम दुसरी. परीक्षा झाली आणि त्याच उन्हाळ्यात शिवकन्याचं लग्न ठरलं, पिंपळगाव रेणुकाईच्या बावीस वर्षांच्या मुलाशी. शिवकन्यानं वहीचं पान फाडून त्यावर चार ओळी लिहिल्या आणि ती चिठ्ठी प्रभाच्या हातात दिली. ‘गुरुजी, माझं लग्न ठरलं आहे. मला आठवीत जायचं आहे. वडील फक्त तुमचं ऐकतात. तुम्ही या.’ प्रभा भर उन्हात अनवाणी साहेबराव गुरुजींच्या घरी पळाली. धाप एवढी लागली होती की शब्द फुटेना, म्हणून गुरुजींच्या बायकोनं आधी ताक दिलं. मग तिनं चिठ्ठी पुढे केली. गुरुजींनी सदरा चढवला, प्रभाला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि शिवकन्याच्या दारात गेले. बाप ऐकायला तयार नव्हता. “गुरुजी, तुम्ही तुमची शाळा सांभाळा, माझं घर मी सांभाळतो,” असं त्यानं तोंडावर सांगितलं. लग्न झालं. शिवकन्या रडत गेली आणि एका हुशार मुलीच्या आयुष्याचं वाटोळं झालं.

“तेरा वर्षांच्या त्या मुलीला लग्न थांबवता आलं नाही,” बाई शेवटी म्हणायच्या, “पण ती गप्प बसली नाही. तुमच्याकडे तर आता फोन आहे.”

ही गोष्ट नुसती टाळ्यांची नव्हती. तीन वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीनं बाईंचं भाषण ऐकून मैत्रिणीच्या ठरलेल्या लग्नाची खबर दिली होती, आणि ते लग्न थांबलं होतं. बाई निवृत्त झाल्या तरी त्यांना बोलावणी येत राहिली, ती यामुळे.

यंदा अक्षय तृतीयेच्या आधी जालन्यातल्या एका संस्थेनं मुलींचा मेळावा ठरवला. संस्थेच्या बेबीनंदाताई जाफराबादला बाईंच्या घरी आल्या. त्यांनी सुचवलं की या वेळी खुद्द शिवकन्याबाईंनाच शोधून मंचावर आणू, दोघी मैत्रिणी शेजारी बसतील. बाईंना ही कल्पना फार आवडली. त्यांचे यजमान नागसेन एसटीत कंडक्टर होते, आता घरीच असतात. त्यांनी पेपर खाली ठेवून विचारलं, तुला तिचा पत्ता ठाऊक आहे का. बाईंना पत्ता ठाऊक नव्हता.

पिंपळगाव काही विलायतेत नाही. जाफराबादहून स्कूटीनं तासा-सव्वातासाची वाट. एवढ्या वर्षांत बाई तिकडे एकदाही फिरकल्या नव्हत्या. एकदा शिक्षकांचं प्रशिक्षण तिथे लागलं होतं, तर त्यांनी रजा टाकली होती. पुढे त्या मला म्हणाल्या, “रजा टाकलेली मला चांगली आठवते. का टाकली ते तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पोटात दुखतंय म्हणाले असते, आणि खरंच दुखत होतं.”

मार्च अखेरीला बाई आपल्या लेकीबरोबर, अक्षताबरोबर, स्कूटीवरून निघाल्या. अक्षता मानसशास्त्र शिकलेली, जालन्यात मुलांसाठी समुपदेशक म्हणून काम करते. पत्ता शोधावा लागला नाही. पहिल्याच माणसानं ‘शिवकन्याबाईंची गिरणी’ म्हणून बोट दाखवलं. पिठाची गिरणी आणि शेजारी मिरची कांडपाचं मशीन. हंगाम असल्यामुळे बायका डबे आणि पिशव्या घेऊन ओळीनं बसल्या होत्या आणि हवेत तिखट भरलं होतं. तोंडाला पदर बांधलेली एक उंच, वाळकी बाई घमेल्यात मिरची उपसत होती. तिनं वर पाहिलं आणि पदर खाली ओढला.

“प्रभा,” ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं नाव घेतलं.

तिनं चहा मागवला, दोघींना खुर्च्या दिल्या, अक्षताला कुठे असतेस, काय करतेस विचारलं. मग बाईंनी मेळाव्याचं सांगितलं. शिवकन्याबाईंनी हात पुसत सगळं ऐकून घेतलं.

“तुझं भाषण नातीनं मोबाईलवर दाखवलं मला,” त्या म्हणाल्या. “छान बोलती तू. चिठ्ठीतले शब्द बराबर सांगती, एक कानामात्रा इकडचा तिकडं न्हाई. पर चिठ्ठी तू दिल्ती कुणाला?”

बाईंना वाटलं, ती गंमत करते आहे. त्या हसून म्हणाल्या, गुरुजींना दिली.

“गुरुजी आलेच न्हाईत, प्रभा. मी तीन दिवस दारात बसून वाट पाह्यली.”

बाईंनी सायकलचं सांगितलं, दांडीवर बसल्याचं सांगितलं, शिवकन्याचे वडील काय बोलले तेही सांगितलं. शिवकन्याबाईंनी मधे तोडलं नाही. बाईंचं संपल्यावर त्या म्हणाल्या, “माझा बाप गुरुजींना असं बोलंल का? गुरुजी दारात आले असते तर त्यानं आधी खाट टाकली असती अन् मंग त्यांचं ऐकलं असतं. म्हणून तर चिठ्ठी लिव्हली व्हती. तू हळदीला आल्ती. अंगात नवा परकर व्हता. मी तुला डोळ्यांनी इचारलं, तर तू खाली पाह्यलं.”

रांगेतल्या बायका ऐकत होत्या.

“आणिक एक,” शिवकन्याबाई पदर पुन्हा तोंडाला बांधत म्हणाल्या. “माझं वाटोळं झालं, असं गावोगाव सांगू नको. ही गिरणी माझी हाय. दोन लेकी, दोघींना बारावी झाल्याबिगर उजवलं न्हाई, एक तर नर्स झाली. ते तुझ्या गोष्टीत कुठं येत न्हाई.”

आणि त्या मशीनकडे वळल्या.

परतीच्या वाटेवर बाईंना राग आला होता. त्यांच्या मते शिवकन्या विसरली होती. तेरा वर्षांची मुलगी, लग्नाची गडबड, रडारड, तिला काय आठवणार. गुरुजी आले तेव्हा ती आत असेल, बापानं तिला कळू दिलं नसेल. भोकरदन मागे पडेपर्यंत त्या हेच वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगत राहिल्या. अक्षता नुसती स्कूटी चालवत होती. घरी पोचल्यावर बाईंनी तेच नागसेनरावांना सांगितलं. अर्थातच त्यांना वाटत होतं की ते आपली बाजू घेतील.

नागसेनराव म्हणाले, “लग्नानंतर तू पहिल्यांदा सांगितलं, तवा सायकल नव्हती.”

बाईंनी विचारलं, म्हणजे काय.

“आपण जालन्याला भाड्याच्या खोलीत राहात होतो. तू रडली होतीस. म्हणालीस, मी गुरुजींच्या फाटकापर्यंत गेल्ते, मी सांगायला पाह्यजे व्हतं. मंग दहा-बारा वर्षांनी शाळेच्या कार्यक्रमात ऐकलं तर त्यात चिठ्ठी दिलेली होती. मंग सायकल आली. तिचा बाप बोलायला लागला तो अलीकडं.”

“इतकी वर्षं तुम्ही बोलला का न्हाई?”

“मला वाटलं, तुला मागाहून आठवलं असंल. आणि लोकांना गोष्ट आवडून राह्यली होती.”

अक्षतानं आईला समजावलं. आठवण म्हणजे काही लिहून ठेवलेला कागद नव्हे, आपण आठवतो तेव्हा ती पुन्हा रचतो, आणि मागच्या वेळी जशी सांगितली तशीच ती पुढच्या वेळी आठवते. जे बोचतं ते झिजत जातं, ज्यानं बरं वाटतं ते पक्कं होत जातं. पुष्कळ वेळा मनात करून पाहिलेली गोष्ट केल्यासारखी वाटू लागते. असं भल्याभल्यांचं होतं, याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. लेक हे सगळं मायेनं सांगत होती. बाईंना मात्र ते ऐकून जास्त लाज वाटली, कारण लेकीनं कुणाची बाजू खरी धरली आहे ते त्यात आलंच होतं.

तरी त्यांनी हार मानली नव्हती. साहेबराव गुरुजी वारून वीस वर्षं झाली होती, पण त्यांच्या पत्नी गोजरबाई अजून होत्या, टेंभुर्णीला मुलाकडे. वय पंच्याऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, कान तल्लख. चार दिवसांनी बाई एकट्याच बसनं तिथे गेल्या. गोजरबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी बाईंना जवळ बसवून घेतलं, तोंडावरून हात फिरवला. बाईंनी इकडचं तिकडचं बोलून विचारलं, शिवकन्याच्या लग्नाआधी मी तुमच्याकडे आले होते ते आठवतं का.

गोजरबाईंना आठवत होतं. ती पोरगी गेली तेव्हा गुरुजी दोन दिवस नीट जेवले नव्हते, म्हणून तो आठवडा त्यांच्या लक्षात राहिला होता. बापानं लग्नाचा गाजावाजा केला नव्हता. आदल्या दिवशी गुरुजींना शेजारच्या माणसाकडून कळलं, तोवर दारात मांडव उभा राहिला होता. मरेपर्यंत ते म्हणायचे की मला त्या पोरीनं एक शब्द कळवला असता तर मी तिच्या बापाला आवरलं असतं.

“तू आल्ती ना,” गोजरबाई म्हणाल्या. “फाटकाला धरून उभी व्हती. मी इचारलं, काय गं प्रभा, गुरुजींना हाक मारू का. ते आत झोपले व्हते. तू म्हणाली, आईनं ताक मागितलंय. मी तुला लोटा भरून ताक दिलं.”

बाई मला सांगत होत्या की त्या क्षणी आधी चित्र आलंच नाही. आधी कानशिलं तापली, आणि मग हाताला लोट्याचं वजन जाणवलं. काठोकाठ भरलेला पितळी लोटा, ताक सांडू नये म्हणून हळूहळू टाकलेली पावलं. त्या पळत गेल्या होत्या हे खरं होतं. येताना त्या सावकाश आल्या होत्या. घरी आल्यावर आईनं विचारलं, ताक कुणी मागितलं होतं. चुलीवर चहाचं आधण होतं. चिठ्ठी त्या चुलीत गेली. जाळण्याआधी त्यांनी ती इतक्या वेळा वाचली होती की शब्द आयुष्यभर राहिले.

सायकलची दांडीही खरी होती. गुरुजींनी त्यांना दांडीवर बसवून नेलं होतं, पण ते जूनमध्ये. पत्र्याची पेटी मागच्या कॅरिअरला बांधून गुरुजी त्यांना टेंभुर्णीच्या एसटी थांब्यावर सोडायला गेले होते. बाई तेव्हा जालन्याच्या मुलींच्या वसतिगृहात निघाल्या होत्या.

गोजरबाईंना हे कळलं नाही की समोरची बाई का रडते आहे. त्यांना वाटलं, गुरुजींच्या आठवणीनं.

बाई बसमध्ये बसल्या तेव्हा उरलेलंही त्यांच्यापुढे आलं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. आधी त्यांनी स्वतःसाठी बरं वाटेल असं कारण शोधून पाहिलं. आपण मजुराची पोर, वस्तीवरची, गुरुजींच्या घरी कसं बोलायचं म्हणून घाबरलो असू. पण ते टिकेना. त्या घरात त्यांना कुणी कधी परकं धरलं नव्हतं. गुरुजी स्वतः त्यांना अंगणात बसवून गणितं घालायचे, गोजरबाई हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायच्या. भीती नव्हती. कारण दुसरं होतं.

परीक्षेनंतर एका संध्याकाळी गुरुजी कडूबांकडे आले होते. जालन्याच्या वसतिगृहात आमच्या शाळेला एक जागा मिळते आहे, ते म्हणाले होते. आठवीपासून मॅट्रिकपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं. शिवकन्या पहिली येईल, तर जागा तिची. तिच्या घरचे नाही म्हणाले तर तुमच्या प्रभाची. निकाल लागल्यावर तिच्या वडिलांशी बोलतो. प्रभा कुडाच्या भिंतीआडून ऐकत होती. त्यानंतर चारच दिवसांनी शिवकन्यानं तिच्या हातात चिठ्ठी दिली.

वसतिगृहात पहिल्या वर्षी संध्याकाळच्या प्रार्थनेला डोळे मिटले की त्या मनातल्या मनात पुन्हा त्या फाटकाशी जायच्या. प्रत्येक वेळी फाटक उघडायच्या, चिठ्ठी द्यायच्या, गुरुजींना उठवायच्या. प्रार्थना संपेस्तोवर गुरुजी शिवकन्याच्या दारात पोचलेले असायचे. लग्न मात्र त्यांनी मनातही कधी मोडू दिलं नाही, कारण ते मोडलं असतं तर त्या प्रार्थनेच्या रांगेत त्यांच्या जागी शिवकन्या उभी असती. म्हणून बापाच्या तोंडी ते वाक्य आलं असावं. हे सांगताना बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

बेबीनंदाताईंना त्यांनी फोनवर सगळं सांगून टाकलं आणि कळवलं की मी बोलणार नाही. ताई भल्या बाई. त्या म्हणाल्या, बाई, तुमच्या गोष्टीमुळे एक लग्न थांबलंय, पोरींना ती उपयोगी पडते, आहे तशीच सांगा, कुणाचं काही बिघडत नाही. बाईंना रागही आला आणि मोहही झाला. दोन दिवस त्या विचार करत होत्या. मग त्यांनी बोलायचं कबूल केलं.

मेळावा नवीन जालन्यातल्या एका मंगल कार्यालयात होता. मी मुद्दाम गेले होते. तीनशेक मुली, पंखे फिरत होते तरी उकाडा. बाई उभ्या राहिल्या आणि गोष्ट नेहमीसारखीच सुरू झाली, दीड कोस आतलं गाव, दोन मुली, चिठ्ठी. फाटकापाशी आल्यावर त्या थांबल्या. “इथपर्यंत खरं आहे,” त्या म्हणाल्या. “याच्यापुढचं मी पंचवीस वर्षं खोटं सांगत आले. मी ताक मागितलं आणि परत गेले.” वसतिगृहाच्या जागेचंही त्यांनी सांगितलं. त्यांचा आवाज मोठा आहे, पण शेवटच्या ओळींतल्या मुलींपर्यंत तो त्या दिवशी पोचला नसावा. पुढच्या मुली एकमेकींकडे बघत होत्या. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना. एका मुलीनं हात वर करून विचारलं, मग तुम्ही आम्हाला आधी वेगळं का सांगितलं. बाई म्हणाल्या, “मला स्वतःला तसंच सांगायचं होतं म्हणून.” मुलगी खाली बसली. तिला ते उत्तर पुरलं असं वाटलं नाही.

चहाच्या वेळी दोघीतिघी ओळखीच्या शिक्षिका बाईंच्या जवळ आल्या नाहीत. एकजण मला म्हणाली, सांगायची काय गरज होती, किती चांगलं नाव होतं. मीही त्या दिवशी बाईंशी धड बोलले नाही, हे कबूल करते. एवढी वर्षं डोळे पुसत ऐकल्याचा थोडा राग होता.

लोकांसमोर सांगून झालं, पण जिला सांगायला हवं होतं तिला अजून सांगितलं नव्हतं. मंचावर बोलणं सोपं पडलं, असं बाईंच्या लक्षात आलं आणि त्याचीही त्यांना लाज वाटली. आठवड्यानं त्या पुन्हा पिंपळगावला गेल्या, या वेळी एकट्या. दुपारची वीज गेली होती, गिरणी बंद होती. शिवकन्याबाई आणि त्यांचे यजमान अंगदराव ओट्यावर बसले होते. अंगदराव राम राम करून शेताकडे निघून गेले.

बाईंनी आधी माफी मागितली. चिठ्ठी दिली नाही, जाळली, हे सांगितलं. शिवकन्याबाईंनी मान हलवली, जणू हे त्यांनी केव्हाच धरून चाललं होतं. मग बाई म्हणाल्या, “मी भिऊन परत आल्ते असं तुला वाटत असंल. तसं न्हाई. वसतिगृहात जागा एकच व्हती. तू पहिली आली तर ती तुझी व्हती.”

“कोणती जागा?” शिवकन्याबाईंनी विचारलं.

तेव्हा बाईंना कळलं की हिला हे ठाऊकच नव्हतं. गुरुजी निकालानंतर बोलणार होते, आणि निकाल लागला तेव्हा शिवकन्या सासरी होती. सेहेचाळीस वर्षं तिनं असं धरलं होतं की फार तर लग्न दोन-तीन वर्षं पुढे गेलं असतं, गावात आठवी नव्हती, बापानं रोज टेंभुर्णीला पाठवलं नसतं, शाळा तशीही सुटलीच असती. मैत्रीण भित्री निघाली, एवढंच तिचं दुःख होतं. बाईंनी आपला भार हलका करायला तोंड उघडलं आणि तिच्या अंगावर नवीनच काही घातलं.

“जालन्याला?” शिवकन्याबाईंनी पुन्हा विचारलं. “मॅट्रिकपर्यंत?”

बाई हो म्हणाल्या.

“निकाल काय लागला व्हता माझा?”

“तू पहिली आल्ती.”

शिवकन्याबाई उठल्या, आत गेल्या. भांड्यांचा आवाज येत राहिला. अर्ध्या तासानं वीज आली, त्यांनी येऊन गिरणी सुरू केली आणि दळणाच्या डब्यांशी लागल्या. बाई ओट्यावर बसूनच होत्या. तिनं जा म्हटलं नाही आणि थांब म्हटलं नाही. शेवटच्या बसची वेळ झाली तेव्हा बाई उठल्या आणि चालत थांब्यावर गेल्या.

त्यानंतर महिनाभर त्या घराबाहेर फारशा पडल्या नाहीत. भाषणांची बोलावणी थांबली होती. नागसेनराव त्यांना बाजारात चल म्हणायचे तर त्या यादी करून द्यायच्या. वाईट वाटण्यापेक्षाही दुसऱ्याच गोष्टीनं त्यांना घेरलं होतं. आपल्या कोणत्याच आठवणीवर त्यांचा भरवसा राहिला नव्हता. वडील गेले तेव्हा मी उशाशी होते का, अक्षताला मी कधी मारलं होतं का, असं त्या नवऱ्याला आणि लेकीला विचारत बसायच्या. अक्षता म्हणायची, आई, सगळं तपासत बसशील तर जगणं होणार नाही. मी एकदा भेटायला गेले तेव्हा त्यांनी मलाही विचारलं, आपण एकत्र होतो तेव्हा मी तुझ्याशी कधी वाईट वागले का. मी नाही म्हटलं. ते बऱ्यापैकी खरं होतं.

मेच्या शेवटी शिवकन्याबाईंचा फोन आला. नंबर नातीनं संस्थेकडून मिळवला होता. त्या म्हणाल्या, “ये. काम हाय.”

बाई गेल्या. या वेळी शिवकन्याबाईंनी त्यांना ओट्यावर नाही, आतल्या खोलीत बसवलं. पाणी दिलं. त्या समोर भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, “मी तुला माफ केलंय की न्हाई ते मला अजून कळंना, तर तू इचारू नको. मला ते वसतिगृह कसं व्हतं ते सांग. पहिल्या दिवसापासून. अन् खरं सांग.”

बाईंनी सांगायला सुरुवात केली. मोठं लोखंडी दार होतं. आत कडुलिंबाची झाडं होती, तीन, बहुतेक तीन, नक्की नाही. एका खोलीत आठ मुली. पेट्या भिंतीला लावून ठेवायच्या. पहिल्या संध्याकाळी जेवायला ज्वारीची भाकर आणि पातळ वरण होतं. वरणाचं पक्कं आठवतं, भाकरीचं त्या रोजच्या सवयीनं सांगत असतील. इंग्रजीच्या बाई गोऱ्या होत्या की मोठेपणी पाहिलेल्या दुसऱ्याच कुणाचा चेहरा त्यांना लागला आहे, ते सांगता येणार नाही. प्रत्येक वाक्याला त्या अडखळत होत्या. हे आठवतं म्हणायच्या, हे मागाहून ऐकलेलं असेल म्हणायच्या, आणि जिथे काहीच नव्हतं तिथे आठवत नाही म्हणून गप्प बसायच्या. एरवी तीनशे माणसांसमोर न थांबता बोलणाऱ्या बाईंना एवढंसं सांगायला दुपार पुरली नाही.

शिवकन्याबाई मधेमधे विचारत होत्या. पुस्तकं नवी मिळायची का. गणिताला कोण होतं. खिडकीतून काय दिसायचं. एका वेळी त्यांनी विचारलं, पहिल्या दिवशी तू रडली का.

“आठवत न्हाई,” बाई म्हणाल्या. “समद्या पोरी रडत होत्या एवढं आठवतं.”

शिवकन्याबाईंनी बाईंच्या पेल्यात पुन्हा पाणी ओतलं.

“मी रडले नसते,” त्या म्हणाल्या. “पुढं सांग.”